गोव्यातले चार दिवस: पाखले, थोरलं घर आणि रोजा मारिया

दिवस पहिला, कोल्हापूर ते म्हापसा

निघताना आईचं एकच पालुपद होतं, उन्हात फिरू नका, काळ्या पडाल. "पडाल" म्हणाली तरी बोलणं माझ्यासाठी नव्हतं, धाकटीसाठी होतं. आमच्या दोघीत ती सावळी. एकोणतीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, स्वतःच्या पायावर उभी, आणि गेल्या दीड वर्षात दोन ठिकाणहून मध्यस्थाकरवी निरोप आला की मुलगी चांगली आहे पण फोटोत जरा उजळ वाटली होती. बायोडेटात "वर्ण" च्या पुढे आईने "गव्हाळ" लिहिलंय, त्यावरून घरात निघायच्या आदल्या रात्रीसुद्धा भांडण झालं. तर अशा मूडमध्ये आम्ही आजरा, आंबोली, सावंतवाडी करत बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोव्यात शिरलो. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आंबोलीत धुकं नव्हतं एवढंच.

म्हापशाला आईचे चुलतभाऊ राहतात, आमचे मामा. मराठी शाळेत इतिहास शिकवायचे, आता रिटायर आहेत. मामी इथलीच, घरात कोकणी बोलते आणि पेपर मराठी वाचते, इथल्या कितीतरी घरात असंच असतं. रात्री तिने हुमण, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी वाढली. जेवल्यावर मामा आणि आम्ही बाहेर बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या ओट्यावर बसलो. मी म्हणलं मामा, बीच वगैरे आमचे आधी बघून झालेत, यावेळी पोर्तुगीजांच्या काळातलं दाखवा, लव्हस्टोऱ्या, कारस्थानं वगैरे. मामांनी पेपरच्या कडेला पेनाने एक शिडी काढली. सगळ्यात वर रेइनोल, म्हणजे पोर्तुगालात जन्मलेला. त्याच्या खाली कास्तिसो, आईबाप दोघं पोर्तुगीज पण जन्म इथला. त्याच्या खाली मेस्तिसो, मिश्र रक्ताचा. त्याच्याही खाली इथले बाटलेले ख्रिश्चन, मग हिंदू, आणि अगदी तळाला आफ्रिकेतून आणि कुठून कुठून आणलेले गुलाम. गोऱ्याला इथे पाखलो म्हणतात, अनेकवचन पाखले. मामा म्हणाले, "उद्या जी गोष्ट सांगीन त्यात कोण कुठल्या पायरीवर उभा आहे ते आधी बघा." धाकटीने तो कागद फाडून पर्समध्ये ठेवला.

दिवस दुसरा, जुनं गोवं

नोव्हेंबरचा शेवट असल्यामुळे जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताच्या आधीचे नोव्हेनाचे, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे दिवस चालू होते, ३ डिसेंबरला फेस्त. त्यामुळे गर्दी बरीच, खाज्यांचे आणि मेणबत्त्यांचे स्टॉल लागलेले, पायी चालत आलेले लोक सावलीत बसलेले. आम्ही आधी नदीकडे गेलो, तिथे व्हाइसरॉयची कमान आहे. नवीन आलेला प्रत्येक व्हाइसरॉय बोटीतून उतरून ह्याच कमानीखालून शहरात शिरायचा. नदीच्या बाजूला वास्को द गामाचा पुतळा आहे, तो त्याच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने बसवला, हा पणतू १५९७ मध्ये व्हाइसरॉय होऊन आला होता. माणूस इतका नकोसा झाला की १६०० मध्ये त्याची मुदत संपताना त्याच्या शत्रूंनी पणजोबाचा पुतळा खाली ओढला आणि तुकडे करून गावात लटकवले, पुतळा नंतर परत बसवला. म्हणजे गोऱ्यांची आपापसातली कारस्थानंसुद्धा ह्या थराची होती. मला मात्र कमानीच्या दुसऱ्या बाजूचं शिल्प जास्त लागलं. तिथे हातात तलवार घेतलेली एक बाई आहे आणि तिच्या पायाखाली पालथा पडलेला इथला माणूस. मी तिथून पटकन पुढे गेले, धाकटी बराच वेळ मान वर करून बघत होती.

इथे मामांनी पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कपासून सुरुवात केली. १५१० मध्ये त्याने गोवा आदिलशहाकडून घेतला, घालवला, आणि २५ नोव्हेंबरला परत घेतला. सैनिक सगळे सडे, पोर्तुगालहून बायका येणार कुठून, म्हणून त्याने आपल्या माणसांची लग्नं इथल्या बायकांशी लावून द्यायला सुरुवात केली, जमिनी दिल्या, घरं दिली, अशा लग्न केलेल्यांना काझादो म्हणायचे. पुस्तकात हे वाचलं की वाटतं केवढा उदार माणूस. पण राजाला लिहिताना त्यानेच खुलासा केलाय की मी मलबारच्या काळ्या बायकांशी लग्नं लावलेली नाहीत, गोऱ्या मुसलमान बायकांशी लावलीत. आणि ह्या बायका कोण होत्या, तर ज्यांचं शहर आत्ताच कापून काढलं होतं त्यांच्यातल्या. त्यांना कुणी विचारलं असेल का, मला नाही वाटत. धाकटी एवढंच म्हणाली, "म्हणजे बायोडेटा तेव्हापासून आहे."

नंतर लिस्बनहून राजाच्या खर्चाने अनाथ मुली पाठवायला लागले, राजाच्या अनाथ मुली असंच नाव होतं त्यांना. हुंडा म्हणून काय, तर सरकारी नोकरी. जो हिच्याशी लग्न करेल त्याला अमुक ठाण्याची कारकुनी किंवा तमुक हुद्दा. सहा-सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून आलेली पंधरा-सोळा वर्षांची पोर आणि तिच्या अंगाला चिकटवलेली एक खुर्ची, आणि त्या खुर्चीसाठी रांगेत उभे पुरुष.

रुआ दिरैता म्हणजे सरळ रस्ता, इथे एके काळी सगळा श्रीमंत बाजार भरायचा आणि गुलामांचा लिलावही इथेच व्हायचा. आता झाडं, गवत आणि टूरिस्ट बसचं पार्किंग. डच माणूस लिनशोटेन १५८३ ते १५८८ आर्चबिशपच्या पदरी इथे होता, त्याने लिहिलंय की गरीब पोर्तुगीज सैनिक दहा-बारा जण एका घरात राहायचे आणि सगळ्यांत मिळून भारी कपड्याचे दोन-तीनच जोड असायचे, एक जण नटून बाहेर गेला की बाकीचे घरात बसून. बाहेर पडताना मात्र पावलं संथ टाकायची, मागे गुलामाने छत्री धरायची. पोटात अन्न नसलं तरी चालेल पण गोरेपणाचा रुबाब जाता कामा नये. मला त्या घरात बसून राहिलेल्यांचा विचार आला, वीस वर्षांची पोरं असणार, उकाड्यात, कपड्याची वाट बघत.

ह्याच लिनशोटेनने गोव्याच्या बायकांबद्दलही लिहिलंय. काझादोंच्या बायका बुरख्याआड, झाकलेल्या पालखीतून चर्चला जायच्या, आणि म्हणे नवऱ्याला धोतऱ्याचं बी पाजायच्या, तो चोवीस तास हसत किंवा झोपत पडला की त्याच्या देखत यार घरात घ्यायच्या, आणि पायावर गार पाणी ओतलं की नवरा शुद्धीवर यायचा, त्याला काही आठवत नसे. ही गोष्ट मामांनी सांगितली तेव्हा आजूबाजूचे दोन टूरिस्ट पण थांबून ऐकायला लागले, इतकी चटपटीत आहे ती. पण लिनशोटेन तेव्हा विशी-पंचविशीचा सडा पोरगा होता, ह्या बायकांच्या घरात तो बसलेला असणं अवघड, हे सगळं त्याला पुरुषांनीच सांगितलं असणार. मिश्र रक्ताची बाई म्हणजे अशीच, हे एकदा पसरलं की मग तिला कोंडून ठेवायलाही कारण मिळतं. एकाही बाईने स्वतः लिहिलेली ओळ मला त्यात सापडत नाही, आणि ही गोष्ट मला दिवसभर खुपत राहिली.

से कॅथेड्रलच्या समोर जो मोकळा भाग आहे तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्धचे गुन्हे तपासणाऱ्या चर्चच्या न्यायसभेचा वाडा होता. इथले लोक त्याला थोरलं घर म्हणायचे. न्यायसभा १५६० मध्ये बसली, मध्ये चार वर्षं बंद होती ती सोडली तर थेट १८१२ पर्यंत चालली. वाड्याचा आता दगडसुद्धा दिसत नाही. तिथे गवतावर बसून मामांनी देलोनची गोष्ट सांगितली, ती मी नीट लिहिते, कारण प्रेम, मत्सर, रंग, धर्म सगळं तिच्यात एका ठिकाणी आहे.

देलोन फ्रेंच डॉक्टर, विशी-पंचविशीतला, दमणला पोर्तुगीजांकडे राहायला आला. तिथल्या एका बाईकडे त्याचं जाणं-येणं होतं, तो म्हणतो साधी मैत्री होती. त्याच बाईवर दमणच्या गव्हर्नरचा डोळा होता. तिच्या समोरच्या घरात एक इथला काळा पाद्री राहायचा, तो इन्क्विझिशनचा दमणमधला सेक्रेटरी, आणि त्यालाही तीच बाई हवी होती. गव्हर्नर शिडीच्या वरच्या पायरीवर, पाद्री खालच्या, एरवी एका टेबलावर बसले नसते, पण ह्या पोराला काढायचा म्हटल्यावर दोघांचं जमलं. देलोन बोलायला मोकळा होता, मूर्तीबद्दल, बाप्तिस्म्याबद्दल काहीबाही वाद घालायचा, तेवढं भांडवल पुरलं. २४ ऑगस्ट १६७३ ला त्याला धरलं. पुढच्या जानेवारीत वसईमार्गे गोव्याला आणून ह्या थोरल्या घरात टाकलं. आरोप काय तो सांगायचा नाही, तुझं तूच आठव आणि कबूल कर, अशी तिथली रीत. त्याने कोठडीत जीव द्यायचाही प्रयत्न केला. १२ जानेवारी १६७६ ला सगळ्या कैद्यांची मिरवणूक निघाली, कॅथेड्रलची मोठी घंटा वाजत होती, अंगात पिवळा झगा, त्यावर पुढे-मागे तांबडी फुली, पाय अनवाणी. त्याला वाटलं आपल्याला जाळणार. शिक्षा झाली ती मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपार आणि पोर्तुगालात पाच वर्षं सक्तमजुरी. १६७७ मध्ये सुटला आणि दहा वर्षांनी त्याने सगळं छापलं, म्हणून आज आपल्याला थोरल्या घराच्या आतलं कळतं.

ह्या सगळ्यात ती बाई कुठे आहे. तिचं पुढे काय झालं, गव्हर्नरने तिला सोडलं का, पाद्री रोज समोरच्या खिडकीत उभा असताना ती कशी राहिली, ह्याबद्दल गोष्टीत अक्षर नाही. मी मामांना तीनदा विचारलं, ते म्हणाले, "बाळा, नाही गं कुठे."

सायबाचं शव ठेवलंय त्या बॉम जेझू चर्चमध्ये रांग प्रचंड होती म्हणून बाहेरूनच नमस्कार केला. १६८३ मध्ये संभाजीराजे गोव्याच्या दारात आले, जुवें बेट घेतलं, तेव्हा घाबरलेल्या व्हाइसरॉयने सायबाची शवपेटी उघडून आपला राजदंड त्या हातात दिला होता, आता राज्य तूच सांभाळ म्हणून. मागून मोगलांची फौज आली आणि राजांना वळावं लागलं. इथे उभं राहून हे ऐकताना अंगावर काटा आला. सांता मोनिकाच्या मठापाशी पोचलो तर म्युझियम बंद व्हायची वेळ झाली होती, परवा यायचं ठरवून परत.

दिवस तिसरा, कांदोळी, पणजी, मिरामार, दोना पावला

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलच्या भोंप्याने जाग आली, मामीने गरम उंडे (पाव) घेतले. कांदोळीला आम्ही चर्चपाशी थोडाच वेळ थांबलो. हेच ते गाव, जिथे १७८७ चं पोर्तुगीजांविरुद्धचं पिंटोंचं बंड शिजलं. मामांचं म्हणणं की बंडाचं मूळ १७६१ मध्ये बघा. लिस्बनहून हुकूम निघाला की आशियातल्या ख्रिश्चन प्रजेला पोर्तुगालात जन्मलेल्यांइतकाच मान, आणि त्यांना कुणी हिणवून काळा किंवा मेस्तिसो म्हणायचं नाही. आणि इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो हुकूम तेरा वर्षं जाहीरच होऊ दिला नाही, १७७४ उजाडलं. कायदा आला तरी वरच्या खुर्च्या पाखल्यांकडेच. कौतु आणि गोन्साल्विस हे इथले दोन शिकलेले पाद्री बढती मागायला लिस्बनपर्यंत गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. मग पिंटो घराण्याबरोबर कट झाला, आणि फुटला. ४७ जण धरले, त्यात १७ पाद्री. पाद्र्यांना लिस्बनच्या तुरुंगात पाठवलं, बाकीच्यांपैकी पंधरा जणांना १३ डिसेंबर १७८८ ला पणजीत फासावर दिलं. फासाची जागा पोस्टाच्या आसपासची असं जुने लोक सांगतात. आम्ही तिथे गाडी लावली, लोक कुरिअर आणि आधारच्या कामाला चाललेले.

हे पिंटो वगैरे बामण ख्रिश्चन, बाटल्यावरही जात सोडली नव्हती, आणि आपल्यापेक्षा खालच्यांसाठी त्यांनी काही मागितल्याचं मी ऐकलं नाही. तरी त्यांच्यावर झालेला अन्याय मला लहान वाटत नाही.

जुन्या सेक्रेटरीएटच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, १९४५ चा. लांब झग्यातला पाद्री दोन्ही हात पसरून उभा आणि समोर एक बाई कोसळत चाललेली. फारिया कांदोळीत १७५६ मध्ये जन्मला, माणूस सूचनेने झोपेत जातो, त्यात बाहेरून कुठलं चुंबक-बिंबक येत नाही, हे त्याने पॅरिसमध्ये दाखवलं, म्हणून संमोहनाच्या इतिहासात त्याचं नाव मोठं. त्याची लिस्बनमधली गोष्ट मामीने सांगितली, कारण ती कोकणीत आहे. राणीसमोर प्रवचन करताना पोराची वाचाच बसली, समोर सगळे गोरे सरदार. तेव्हा खालून बाप हळूच म्हणाला, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. आणि पोरगा सुटला. ते राजवाड्यातलं देऊळ, रेशमी कपडे, आणि त्यात कुणालाच न कळणारं हे घरातलं वाक्य. मामी सांगताना हसली आणि मग तिचे डोळे भरले. पिंटोंच्या बंडानंतर बापलेकांवर संशय आला आणि मुलगा १७८८ मध्ये पॅरिसला गेला.

मिरामारला जिथे गास्पार दियश टेनिस क्लब आहे तिथे गास्पार दियशचा किल्ला होता. १८३५ मध्ये पहिल्यांदाच एक गोंयकार, नेवऱ्याचे बेर्नार्दु पेरेस द सिल्व्हा, लिस्बनहून गोव्याचे प्रमुख नेमून आले. तीन आठवडेसुद्धा टिकू दिलं नाही. सैन्यातल्या गोऱ्या वंशाच्या आणि मेस्तिसो अधिकाऱ्यांनी उठाव केला, काळ्याच्या हाताखाली आम्ही काम करायचं का हा मुद्दा. पेरेस मुंबईला निसटले, पुढे दमणला बसून कारभार चालवायचा प्रयत्न केला. त्यांच्या बाजूचे इथले शिपाई ह्या किल्ल्यात होते, मे महिन्यात त्यांची कत्तल करून किल्ला जाळला. मी चौपाटीवर पाण्यात पाय घालून उभी होते आणि मला नेमकं कुठे बघावं ते कळत नव्हतं, तिथे पाटी शोधली, मला दिसली नाही.

दोना पावलाला संध्याकाळी. इथे जो तो सांगतो की दोना पावला नावाची गोरी बाई गास्पार दियश नावाच्या कोळ्याच्या प्रेमात पडली, लग्न होऊ दिलं नाही म्हणून कड्यावरून उडी मारली. खरी दोना पावला सतराव्या शतकातली लग्न झालेली श्रीमंत बाई, तिची कबर काबोच्या चॅपेलमध्ये म्हणजे आता राजभवनाच्या आवारात आहे. आणि जेट्टीवरचा तो पांढरा जोडपुतळा, ज्याच्यासमोर सगळे कपल फोटो काढतात, तो तिचा नाहीच, एका युरोपियन शिल्पकार बाईने भारतावर केलेलं ते शिल्प आहे. गोऱ्या बाईने काळ्यावर प्रेम केलं तर तिला समुद्रात ढकलायचं, आणि तरीही कुणीतरी ती गोष्ट दोनशे-तीनशे वर्षं सांगत राहायचं, ह्याच्यात इथल्या कोळ्यांचं काहीतरी असणार असं मला वाटत राहिलं.

दिवस चौथा, सांता मोनिका आणि परत

सामान गाडीत टाकून निघालो, परतीला चोर्ला घाट धरायचा होता, त्याआधी जुनं गोवं. सांता मोनिकाचा मठ १६०६ मध्ये सुरू झाला, तीन मजली, बाहेरून टेकू दिलेल्या जाडजूड चिऱ्याच्या भिंती, पावसाने काळ्या पडलेल्या. वरच्या मानाच्या नन्स बहुतेक पोर्तुगीज रक्ताच्या घरातल्या. आबे फारियाची आई रोजा मारिया द सौझा इथेच होती. नवरा-बायकोचं पटलं नाही, वेगळे झाले, तो पाद्री झाला आणि ही नन, आणि इथली बाई असून पुढे मठाची प्रमुख झाली. १७७१ मध्ये बाप मुलाला घेऊन लिस्बनला गेला. मुलगा पंधरा वर्षांचा. तो परत कधी गोव्याला आला नाही.

म्युझियममध्ये हस्तिदंती मेंढपाळ बाळ येशू आहेत, चांदीचा एक पेलिकन पक्षी आहे, आपल्या छातीचं रक्त काढून पिल्लांना पाजणारा. धाकटी त्या काचेसमोर थांबली. मग आम्ही बाहेरून मठाच्या भिंतीच्या कडेने चालत गेलो. एका बुजलेल्या खिडकीत तिने हात घातला, कोपरापर्यंत गेला तरी भिंत संपली नाही. "एवढ्या आतून तिला मांडवी दिसत असेल का," ती म्हणाली. मी म्हणलं माहीत नाही. पर्समधून तिने मामांचा शिडीचा कागद काढला, बघितला, घडी करून परत ठेवला.

चोर्ल्याच्या वर आल्यावर रेंज आली आणि आईचा व्हिडिओ कॉल. तोंड दाखवा बघू, म्हणाली. धाकटीने काच पूर्ण खाली केली, ऊन थेट तोंडावर येऊ दिलं आणि फोन समोर धरला. चार दिवसांत ती चांगलीच रापली होती. आई जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, जेवलात का?